गुरुवारची ताटली

अण्णांकडे स्वतःचं पेन नव्हतं. बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यांत सीनियर, पण मीटिंग सुरू झाली की शेजारच्यापुढे हात करून म्हणायचे, "पेन दे की." मीटिंग संपली की पेन परत, टोपण लावून, ज्याचं त्याला. छत्रीचं तसंच, चार्जरचं तसंच, कॅन्टीनमधल्या चमच्याचंही तसंच. नव्या पोरांना वाटायचं, म्हातारा महाचिक्कू आहे. मलाही पहिले दोन महिने तसंच वाटत होतं, आणि मी नागपूरची असल्यामुळे ते दोघातिघांना बोलूनही दाखवलं होतं.

त्यांचं खरं नाव ऑफिसात कुणीच घेत नसे. कन्नड मुलं अण्णा म्हणायची, म्हणून दिल्लीकडची मुलंही अण्णा म्हणायची, म्हणून मीही. वडील फार पूर्वी साताऱ्याकडून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेले. अण्णांचा जन्म, शाळा, कॉलेज सगळं इथलं. "स्वल्प थांब" आणि "सरी, होऊ दे" यांतलं स्वल्प म्हणजे जरा आणि सरी म्हणजे ठीक, हे कन्नड आहे, मराठी नाही, हे त्यांना बहुधा ठाऊकच नव्हतं. लग्न केलं नव्हतं. बनशंकरीत मोठ्या बहिणीबरोबर राहायचे. तिला ते अक्का म्हणायचे, म्हणून आमच्या दृष्टीने ती जगाचीच अक्का.

आमची कंपनी श्रवणयंत्रांचं सॉफ्टवेअर करायची. कानाचं मशीन हे चष्म्यासारखं आहे, ज्याचं त्याचं वेगळं. कुठला कान किती गेलाय ते दवाखान्यात तपासतात, ते आकडे कॉम्प्युटरवर टाकतात, आणि मग बारीक आवाज किती वाढवायचा, मोठा आवाज कुठे अडवायचा, हे ठरवून मशीनमध्ये भरायचं काम आमचं. अण्णांचा स्वतःचा डावा कान लहानपणी वाहून वाहून जवळजवळ गेलेला होता. उजवा मात्र इतका तिखट, की मागच्या रांगेत कुणी त्यांच्याबद्दल कुजबुजलं तर ते वळून उत्तर द्यायचे. बोलायला आलेल्या प्रत्येकाला पहिलं वाक्य एकच, "उजवीकडे ये." त्यांच्या डावीकडच्या खुर्चीवर त्यांची पिशवी असायची.

माझ्या मुलाखतीत बाकीच्यांनी जे विचारायचं ते विचारलं. अण्णांनी विचारलं, "रूममेट आहेत?"

"आहेत. दोघी."

"काय काय वाटून घेता?"

मी म्हटलं, बादली, इस्त्री, कुकर.

"आणि काय वाटून घेत नाही?"

"टूथब्रश," मी म्हटलं, आणि मनात म्हटलं, हा माणूस डोक्यावर पडलेला आहे.

"सरी," असं म्हणून त्यांनी माझ्याकडेच पेन मागितलं आणि माझ्या कागदावर बरोबरची खूण केली.

त्या प्रश्नाचा अर्थ मला नोकरी लागल्यावर कळला. आमच्या कोडमध्ये एक कडक नियम होता. कुठल्याही वस्तूला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याला, दुसरी वस्तू लागली, तर ती तिने स्वतः बनवायची नाही. मला अमुक लागतं, एवढं दारावर लिहून ठेवायचं. एक तयार चौकट असते, ती ते वाचून वस्तू बनवते आणि आणून देते. हे तंत्र जगभर वापरतात, अण्णांचं काही नाही. अण्णांचं होतं ते समजावणं. "खानावळीत जातेस," ते म्हणायचे, "तिथे आत जाऊन पोळ्या लाटतेस का? बसायचं. सांगायचं. ताट येतं." बनवायचं नाही, मागायचं, हे त्यांचं वाक्य दिवसातून चारदा ऐकू यायचं. पेनाचं कोडं मला त्यातून उलगडलं. माणूस चिक्कू नव्हता. नियम ऑफिस सुटल्यावरही पाळत होता, इतकंच.

चौकट बहुतेक ताटं आपणहून वाढते. पण काहींना पथ्य असतं. पथ्याचं ताट कसं वाढायचं हे स्वयंपाकघराला वेगळं सांगावं लागतं. त्या सगळ्या वेगळ्या कृती अण्णांनी एका फाइलमध्ये स्वतः लिहून ठेवल्या होत्या, आणि फाइलचं नाव होतं मुदपाकखाना. प्रत्येक कृतीच्या डोक्यावर तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं: कोण मागतं, किती वेळ राहणार, कुणाबरोबर वाटून घेणार. चारशेहून जास्त ओळींची ती फाइल. हे प्रश्न ते माणसांनाही विचारायचे. मुंबईहून एक नवा मॅनेजर आला तेव्हा अण्णांनी त्याच्याशी हात मिळवत विचारलं, "किती वेळ राहणार?" तो आठ महिने राहिला.

एका रविवारी त्यांनी मला बनशंकरीला जेवायला बोलावलं, म्हणजे अक्कांनी बोलावलं आणि त्यांनी निरोप दिला. मला वाटलं होतं, घरी हा माणूस उठता बसता मागत असेल. अक्का म्हणाल्या, "हा? अग, हा मीठ पण मागत नाही. आमटी अळणी झाली तर तशीच जेवतो. ताप आला तर मला तिसऱ्या दिवशी कळतं, तेही कपाळाला हात लागला तर." अण्णा मान खाली घालून भात कालवत होते. मी म्हटलं, "अण्णा, ऑफिसात तर सगळ्यांचे चमचे मागता." ते म्हणाले, "चमचा वेगळा, हे वेगळं." अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस?"

आता गुरुवारचं सांगते.

नवी आवृत्ती दवाखान्यांत शनिवारी जायची. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी अण्णा छोट्या मीटिंगच्या खोलीत बसायचे, आपल्या दोन्ही कानांचे आकडे नव्या आवृत्तीत टाकायचे, दोन मशीनं भरून घ्यायचे आणि दोन्ही कानांत घालायचे. डाव्यात भरपूर आवाज. उजव्यात जवळजवळ शून्य, कारण त्या कानाला काही नकोच होतं. मग समोर बसलेल्याने कॅन्टीनमधली स्टीलची ताटली हातात धरायची आणि तीवर वीतभर उंचीवरून पळी सोडायची. त्यानंतर पेपर वाचून दाखवायचा. ताटली आधी, पेपर नंतर. उलट का नाही, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "आपलं मशीन कोण घालतं? इथल्या शिवाजीनगरच्या दवाखान्यात जाऊन बघ. पत्रा ठोकून ठोकून कान गेलेले लोक येतात. मशीन लावून माणूस पायरी उतरला की पहिला आवाज बसच्या हॉर्नचा. त्याला कोण आधी पेपर वाचून दाखवतं?"

आवाज मोजायची पेटी आमच्याकडे होती, चांगली महागडी. त्यामुळे वरच्या लोकांना ही गुरुवारची ताटली म्हणजे म्हातारचळ वाटायची. पण पेटीत एका वेळी एकच मशीन मावायचं. अण्णा म्हणायचे, "माझ्याकडे दोन कान आहेत, तेही वेगळे. फुकट आहेत. वापरा की."

माझे प्रोबेशनचे सहा महिने संपत आले होते. आठवडाभरात माझं कायम होणं ठरणार होतं आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. नव्या मॅनेजरने एका मीटिंगमध्ये सहज म्हटलं, की चौकट आता पुष्कळ काही आपणहून करते, तर ही घरगुती फाइल इतकी मोठी का? सहज म्हटलं होतं. मी ते उचललं. मला कुणी सांगितलेलं नव्हतं, हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होते की सांगितलं होतं.

तीन दिवसांत मी मुदपाकखाना चारशे ओळींवरून साठवर आणला. एक एक कृती काढायची, चौकट ती वस्तू आपणहून बनवते का बघायचं, चाचण्या चालवायच्या, हिरव्या झाल्या, म्हणजे पास झाल्या, की पुढे. कानाच्या सेटिंगच्या कृतीवर अण्णांनी तीन उत्तरांखाली एक जादा ओळ लिहिलेली होती: "दोन कान, दोन वेगळे." मला हसू आलं. दोन कान असतात हे काय लिहून ठेवायचं असतं? कृती काढली. चाचण्या हिरव्या.

चाचण्या हिरव्या का झाल्या हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. वेगळं काही सांगितलं नाही, तर आमची चौकट एक वस्तू एकदाच बनवायची आणि जो मागेल त्याला तीच द्यायची. उजव्या कानाने सेटिंग मागितलं, दिलं. डाव्याने मागितलं, तेच दिलं. एकाच वहीत आधी उजव्याचे आकडे लिहिले, त्यांवर डाव्याचे, आणि दोन्ही मशीनं त्या एकाच वहीतून भरली. चाचणीतला नमुन्याचा पेशंट पहिल्या महिन्यात मीच लिहिला होता, आणि नीटनेटकेपणाची हौस म्हणून त्याच्या दोन्ही कानांचे आकडे सारखे ठेवले होते. माझा पेशंट दोन्ही कानांनी अगदी सारखाच बहिरा होता. त्याला काहीच फरक पडला नाही.

एरवी मुदपाकखान्यातला कुठलाही बदल अण्णांच्या नजरेखालून जायचा. पण अक्कांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून ते मंगळवार-बुधवार रजेवर होते. मी शेजारच्या मुलाकडून मंजुरी घेतली. त्याने ओळी कमी झालेल्या पाहिल्या आणि अंगठा वर केला. बुधवारी मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी त्या रात्री घरी फोन करून सांगितलं.

गुरुवारी ताटली धरायची पाळी माझी होती. अण्णा आले, पिशवी डावीकडच्या खुर्चीवर ठेवली, "उजवीकडे ये" म्हणाले. अक्कांचं ऑपरेशन कसं झालं ते मी विचारलं. "सरी झालं," म्हणाले. त्यांनी आकडे टाकले, मशीनं भरली, कानांत घातली. मशीन सुरू व्हायला काही सेकंद लागतात, त्या वेळात ते शांत बसून समोरच्या भिंतीकडे बघायचे. मग त्यांनी मान हलवली, आणि मी त्यांच्या उजव्या कानाशेजारी ताटलीवर पळी सोडली.

ते ओरडले नाहीत. खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. दोन्ही मशीनं कानांतून काढून टेबलावर ठेवली, उजवं आधी. चेहरा पांढरा पडला होता. मी काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते, आणि मला कळलं की या क्षणी त्यांना एकाही कानाने ऐकू येत नाहीये.

"ताटली ठेव," ते म्हणाले, जरा मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं. मग माझ्यापुढे हात केला. मला काही समजेना. त्यांनी बोटांनी लिहिण्याची खूण केली. मी पेन दिलं. त्यांनी कागदावर लिहिलं: "दोन्हीकडे डावं." तो कागद माझ्याकडे सरकवला, पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं.

मी कृती जशीच्या तशी परत घातली. सगळीच फाइल परत घातली. एकच आज्ञा तीनदा टाइप करावी लागली. संध्याकाळी अण्णांनी नेहमीसारखी नोंद केली: गुरुवारच्या ऐकण्यात दोष सापडला, दुरुस्त झाला, दवाखान्यात गेला नाही. दोष कुणाचा, ते लिहिलं नाही. स्वतःच्या कानाचंही काही लिहिलं नाही. शनिवारी शिवाजीनगरच्या दवाखान्यात त्या आवृत्तीवर पहिलंच मशीन एका डबे बनवणाऱ्या कारागिराला बसलं. त्याचा एक कान बऱ्यापैकी शाबूत होता, हे मला नंतर यादीत दिसलं. पुढच्या आठवड्यात मी नोकरीत कायम झाले. ओळी कमी केल्याचं कौतुक माझ्या कागदावर तसंच राहिलं, आणि मी ते राहू दिलं.

त्या गुरुवारनंतर दोन दिवसांनी मी विचारलं, "अण्णा, कान कसा आहे?"

"शिट्टी वाजते स्वल्प. जाईल."

शिट्टी गेली की नाही ते मी विचारलं नाही. नंतर कधीतरी ते "परत सांग" म्हणायला लागले. आधी फोनवर, मग मीटिंगमध्ये, मग उजवीकडे बसलेल्या माणसालाही. मागच्या रांगेतली कुजबुज त्यांच्यापर्यंत पोचेनाशी झाली. पोरं म्हणायची, अण्णांचं वय झालं. मी त्यांच्याबरोबर मान डोलवायची. रिटायर होईपर्यंत ते मला भेटत होते, शिकवत होते, माझ्याकडून पेन नेत होते, आणि रोज मला वाटायचं, आज विचारावं. धीर झाला नाही. हो म्हणाले असते तर मी काय करणार होते, हे मला ठरवता येत नव्हतं. अशी ती वर्षं गेली.

मागच्या महिन्यात अक्कांचा फोन आला. आता त्यांचेच डोळे चांगले आणि भावाचे कान गेलेले. "दोन्ही कानांना मशीन सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तपासणी मी ओढत नेऊन करून आणली. मशीन बसवायला दवाखान्यात यायला तयार नाही. डाव्याचं जुनं मशीन आहे ते पुरे म्हणतो. तू ये. तुला नाही म्हणायचा नाही. आणि तो तुला बोलवायचा नाही, म्हणून मी बोलावतेय."

रविवारी लॅपटॉप आणि मशीनं घेऊन मी बनशंकरीला गेले. अण्णा बारीक झाले होते. मला बघून त्यांना आनंद झाला तो लपला नाही. सवयीने म्हणाले, "उजवीकडे ये," आणि मग स्वतःच गप्प झाले.

अक्कांनी तपासणीचा कागद आणून दिला. डावा कान होता तसाच. उजव्याची रेघ निम्म्यापासून खाली उतरत गेलेली. मी या कामात आता बरीच वर्षं आहे, असे कागद रोज बघते. या रेघेकडे बघून मी मशीन बाजूला ठेवलं आणि त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या अक्कांनाही ऐकू गेलं.

"अण्णा, उजवा कान माझ्यामुळे गेला का?"

त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा वर करून बघितला. परीक्षेचा पेपर तपासल्यासारखा बराच वेळ बघितला.

"स्वल्प तुझ्यामुळे," ते म्हणाले. "इथे हा खड्डा दिसतो ना, दणक्याने पडलेला, तेवढा. बाकी वयाचं आहे. आणि ताटली आधी, ही पद्धत माझी होती. तेही धर."

मी रडायला लागले. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"तेव्हाच का नाही बोललात?" मी म्हटलं.

"तू विचारलं नाहीस."

"आणि तुम्ही? दवाखान्यात चल म्हणून कुणाला म्हणालात? एक शब्द? मला म्हणाला असता तर त्याच दिवशी नेलं असतं. तुमचे दोन कान वेगळे होते, एक चांगला होता, तो असाच जाऊ दिलात." माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. "पेन तेवढं मागता येतं तुम्हाला."

"बरोबर बोलतेय ती," अक्का दारातून म्हणाल्या.

अण्णांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाले, "हो. ते मला येत नाही." कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "बसव आता मशीन. दोन्ही बसव."

मी त्यांचे आकडे टाकले. मुदपाकखाना आता माझ्याकडे आहे. नव्या मुलांना कानाच्या सेटिंगची कृती दाखवते तेव्हा "दोन कान, दोन वेगळे" ही ओळ मोठ्याने वाचायला लावते, आणि नमुन्याचा पेशंट तेव्हाच बदलला आहे, त्याचे आकडे अण्णांचे आहेत. सॉफ्टवेअरने एक सेटिंग डाव्यासाठी बनवलं, एक उजव्यासाठी. भरण्याआधी मी दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी उघडले आणि आकडे एकेक करून ताडून पाहिले, मग परत पाहिले. दोन्ही मशीनं त्यांच्या कानांत घातली. पेपर तिथेच पडला होता, मी तो उचलला.

"ताटली," अण्णा म्हणाले.

"नको अण्णा. आज पेपर आधी."

"अक्का, ताटली दे. आणि पळी."

अक्कांनी दोन्ही आणून माझ्या हातात दिलं. भाजीची पळी होती, धुतलेली, ओली. मी ती बोटभर वरून सोडली. टिण्ण झालं.

"वीतभर," ते म्हणाले. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

मी पळी वीतभर वर धरली.  आकडे दोनदा ताडले आहेत, हे मी मनात म्हटलं, आणि सोडली. अक्का दचकल्या. अण्णा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही.

"सरी," ते म्हणाले. "आता वाच."

डावीकडच्या खुर्चीवर त्यांची पिशवी होती. ती त्यांनी उचलून खाली ठेवली. मी तिथे बसले आणि पेपर वाचायला लागले.